सड्यावरील तणाचा शोध

मालवण तालुक्यात जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सडे आहेत. पावसाळ्यात त्यांवरील पातळ मातीत गवत दाटते, तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात, गुरांना चारा मिळतो. या गवताचा एक वैरी म्हणजे रानमोडी. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आले. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, आणि त्याचे केसाळ बी वाऱ्याबरोबर दूर जाते. जेथे ते माजते तेथे खालचे गवत उन्हावाचून मरते.

तण थोडे असतानाच उपटावे, हे शेतकरी जाणतो. गाजरगवत १९५५ साली पुण्यात आढळले. पुढे काही दशकांत त्याने बहुतेक देश व्यापला. पण एवढ्या मोठ्या सड्यावर पहिली चार झुडपे शोधावी कशी?

या कामी ड्रोन उपयोगी पडू शकतो. ड्रोन म्हणजे आत चालक नसलेले छोटे विमान. नांगराच्या बैलांप्रमाणे ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, वळते, परत येते आणि वाटेत छायाचित्रे घेते. कौले जशी एकमेकांवर थोडी चढवितात, तशी ही छायाचित्रे जुळविली की साऱ्या सड्याचे एक चित्र तयार होते.

त्या चित्रातील तण संगणक ओळखतो. मात्र त्यास आधी शिकवावे लागते. जाणती माणसे शेकडो छायाचित्रांत तणाभोवती रेघ ओढून ठेवतात. संगणक अंदाज करतो, तो त्या रेघांशी ताडून पाहतो, आणि चुकला तर आपले गणित किंचित बदलतो. असे सहस्रावधी वेळा घडल्यावर रंग, कडा व पानांची ठेवण यांवरून तो तण निवडू लागतो. यालाच यंत्रशिक्षण म्हणतात.

नांगरलेल्या शेतात तपकिरी मातीवर हिरवे तण सहज उठून दिसते. कुरणात मात्र हिरव्यातून हिरवे निवडावयाचे असते. जर्मनीतील संशोधकांनी कुरणांतील रुंद पानांचे एक तण या रीतीने शोधले आहे. सड्यावर निसर्गच थोडे साहाय्य करतो. पावसाळा सरल्यावर गवत वाळून पिवळे पडते. रानमोडी मात्र हिरवीच राहते. तेव्हा, तिचे बी पिकण्यापूर्वी, ड्रोन उडवावा हे उत्तम.

तरीही संगणकाचे ज्ञान शिकविलेल्या उदाहरणांपुरतेच. करवंदीच्या हिरव्या जाळीलाही तो रानमोडी ठरवील. म्हणून त्याने खूण केलेल्या जागी माणसाने जाऊन पान चुरगाळावे, वास घ्यावा, आणि खात्री झाल्यावरच झुडूप मुळासकट खणावे. नुसते छाटल्यास ते पुन्हा फुटते.