बर्फ वितळतोय, तरी पाणी का आटतं?

‘बर्फ वितळतोय, तर नदीचं पाणी वाढेलच ना?’ मुलं आम्हाला वर्गात विचारतात. सुरुवातीला वाढतं. पण ते ठेव मोडून खाण्यासारखं; हिमनदी लहान झाली की पाणीही घटतं.

लडाखचंच पाहा. लेहला वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. एप्रिल-मेमध्ये खालच्या उतारांवरच्या बर्फाच्या पाण्यावर पेरणी होते. उंचावरच्या हिमनदीचं पाणी जूनच्या सुमारास पोचतं. आता हिवाळी बर्फ कमी, हिमनद्या आणखी वर सरकलेल्या. म्हणजे ऐन पेरणीला पाट कोरडा. झंस्कारमधल्या कुमिक गावाचा ओढा असाच आटत गेला. अनेक कुटुंबांनी नदीकाठी नवी वस्ती धरली.

अभियंता चेवांग नॉर्फेल यांनी ओढ्याचं हिवाळी पाणी गावाजवळ अडवून गोठवलं. ते पेरणीच्या वेळी वितळतं. पण गोठवायलाही ओढ्यात पाणी हवंच!