रुग्णाचे शरीर ही अमानत आहे

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत अंथरुणाला खिळलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घराचे घड्याळ ड्युटीवर चालते. ब्युरोकडून आलेली बाई बारा तास थांबते, मग दुसरी येते. कोणी तिला आया म्हणते, कोणी मावशी, कोणी केअरटेकर. राजावाडी किंवा कूपरसारख्या रुग्णालयातून रुग्ण घरी आला की पुढची सारी भिस्त तिच्यावर आणि घरातल्या सुना-मुलींवर असते. आमच्या काही वाचक भगिनी हे काम करतात, काहींच्या घरी अशी बाई येते. हा लेख दोघींसाठी आहे.

या कामाचे मोल किती, याचे उदाहरण मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली एक्केचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना भरवले, पुसले, त्यांची कूस बदलली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात दयामरणाच्या अर्जाची सुनावणी झाली, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नसल्याचे पुढे आले. न्यायालयाने या सेवेची मनापासून प्रशंसा केली. हे काम कोणत्या यंत्राने नव्हे, रोजच्या हातांनी केले होते.

ही रोजची कामे साधी आहेत. पहिले, हात. रोज पाच वेळा नमाज पढणाऱ्या घराला वुजू नवा नाही. पण रुग्णाला स्पर्श करण्याआधी आणि नंतर, डायपर बदलल्यावर, भरवण्यापूर्वी साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवायलाच हवेत. हातमोजे घातले म्हणून हे चुकत नाही.

दुसरे, कूस. स्वतः हलू न शकणाऱ्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे. टाचा, खुबे, माकडहाड रोज पाहावे. दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात समजावी. ती जागा चोळू नये, घरच्यांना त्याच दिवशी सांगावे.

तिसरे, घास. आडव्या माणसाला भरवू नये. बसवून, छोटे घास द्यावेत आणि नंतर अर्धा तास बसते ठेवावे. अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. ठसका लागला की थांबावे.

चौथे, औषध. इन्सुलिनच्या सिरिंज ४० आणि १०० युनिटच्या वेगवेगळ्या असतात. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले तर डोस अडीच पट होतो आणि जिवावर बेतते. म्हणून इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची नळी ही कामे शिकलेल्या नर्सची. "तूच दे ना, रोज बघतेस," असे कोणी म्हटले तरी नाही म्हणावे. रमजानमध्ये अब्बांनी रोज्याचा हट्ट धरला तर औषधाच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत, डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे.

आता अदब. रुग्णाला बोलता येत नसले तरी त्याला हया आहे. अंग पुसताना दार लोटावे, लागेल तेवढाच भाग उघडावा, हात लावण्याआधी सांगावे. त्याचे फोटो मोबाईलवर काढू नयेत. एका घरच्या आजाराची गोष्ट दुसऱ्या घरी सांगणे ही गीबतच. त्रास देतो म्हणून हात बांधू नयेत. आणि रुग्ण पडला तर लपवू नये. डोक्याचा मार उशिरा दिसतो, लपवलेला एक तास महागात पडतो.

घरच्यांचीही जबाबदारी आहे. मजुरी वेळेवर देण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. रात्रभर जागणाऱ्या बाईला ताजे जेवण, टेकायला जागा आणि आठवड्याची सुट्टी हवी. थकलेले हात चुका करतात. आणि तिची अब्रूही अमानतच आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे.

मदिनेत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांच्या तंबूत खंदकच्या लढाईतील जखमी साद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा झाली. तो तंबू मशिदीतच उभारला होता. सेवेला दीनमध्ये कुठे जागा आहे, हे त्यावरून कळते. रात्री तीन वाजता, कोणी पाहत नसताना कूस बदलणाऱ्या प्रत्येक हाताला अल्लाह बरकत देवो. आमीन.