कालव्याचं दुसरं टोक: ओटाव्याहून रेल्वेने किंग्स्टन

उन्हाळा आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतातून आई-बाबा येतात. पहिल्या दोन आठवड्यांत पार्लमेंट, बायवर्ड मार्केट, नायगरा सगळं उरकतं. मग आपण कामावर, मुलं कॅम्पला आणि ते दोघं खिडकीशी बसून. शनिवारी कुठे न्यायचं म्हटलं, तर आपण स्टिअरिंगवर आणि त्यांच्या वाट्याला मागच्या सीटवरून दिसणारा हायवे. आज सांगणार आहे ती सहल गाडी घरी ठेवून करायची आहे. रेल्वेने किंग्स्टन, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

तुम्ही म्हणाल, मॉन्ट्रियल का नको? तिथेही रेल्वेने दोनच तास लागतात आणि स्टेशन शहराच्या पोटातच आहे. जरूर जा. पण सत्तरीतल्या माणसांना घेऊन एका दिवसात मॉन्ट्रियल म्हणजे दमछाक. किंग्स्टनमधलं बघण्यासारखं बरंचसं सिटी हॉलपासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. शिवाय या गावाचं ओटाव्याशी नातं आहे. पार्लमेंटच्या शेजारी आठ लॉक आहेत ना, बोटींना पायरीपायरीने वर-खाली नेणारे पाण्याचे हौद, तिथून रिडो कालवा सुरू होतो. हिवाळ्यात आपली मुलं ज्याच्यावर स्केटिंग करतात तोच. तो २०२ किलोमीटर जाऊन किंग्स्टनला संपतो. १८१२ च्या युद्धानंतर इंग्रजांना धास्ती होती की अमेरिका सेंट लॉरेन्स नदीची वाट अडवील, म्हणून आतून दुसरी वाट हवी होती. कर्नल जॉन बाय यांच्या देखरेखीखाली १८२६ ते १८३२ या काळात ती खोदली गेली. सुमारे हजार माणसं या कामात मेली, त्यातली बरीच मलेरियाने. कॅनडात मलेरिया! हे ऐकून माझी आई म्हणाली, "मग आपण इंजेक्शनं घेऊन आलो ते बरंच केलं."

आता प्रवास. ओटावा स्टेशन ओ-ट्रेनच्या ट्रेम्बले थांब्याला लागूनच आहे. बारहेवन, कनाटाकडच्यांना फॅलोफिल्ड स्टेशन सोयीचं. टोरांटोकडे जाणाऱ्या व्हिया रेलच्या गाडीत बसायचं. साधारण दोन तास लागतात, पण प्रत्येक गाडी किंग्स्टनला थांबतेच असं नाही, तेव्हा तिकीट काढताना बघा. जितकं आधी काढाल तितकं सहसा स्वस्त पडतं. आई-बाबांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा: इथे प्लॅटफॉर्मवर जाऊन गाडीची वाट बघायची नसते, विमानतळासारखी आत रांग लावतात. बाबांना हे अजिबात पटलं नाही. डबा मात्र खुशाल न्या. मेथीचे पराठे आणि दाण्याची चटणी दोन तासांच्या प्रवासाला पुरून उरते.

गाडी उशिरा का येते, हा प्रश्न सगळे विचारतात. ओटाव्यापासून ब्रॉकव्हिलपर्यंतचे रूळ व्हियाचे स्वतःचे आहेत. पुढे मात्र ती सीएन कंपनीच्या मुख्य मार्गावर चढते आणि तिथे लांबच लांब मालगाड्यांचं राज्य असतं. म्हणून परतीला शेवटची गाडी धरू नका, तिच्या आधीची घ्या.

आणि माझ्या हातून झालेली चूक तुम्ही करू नका. किंग्स्टनचं स्टेशन गावात नाही. ते पाच-सहा किलोमीटर बाहेर आहे. मी नकाशा नीट न बघता "चालण्यासारखं शहर आहे" या भरवशावर निघालो आणि बाबांना भर उन्हात अर्धा तास चालवलं. शेवटी टॅक्सी बोलावली. तुम्ही उतरल्या उतरल्या सिटी बस किंवा टॅक्सी घ्या आणि थेट सिटी हॉल गाठा. चालणं तिथून सुरू.

सिटी हॉल बघितला की पहिला प्रश्न पडतो, एवढ्याशा गावाला एवढी इमारत कशाला? किंग्स्टन १८४१ मध्ये कॅनडा प्रांताची राजधानी झालं. गावकऱ्यांनी थाटात बांधकाम काढलं, आणि १८४४ मध्ये इमारत उभी राहते न राहते तोच राजधानी मॉन्ट्रियलला गेली. मागच्या चौकात १८०१ पासून बाजार भरतो. उन्हाळ्यात मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. आईचा अर्धा तास तिथेच जातो हे धरून चाला. आजूबाजूच्या जुन्या इमारती करड्या चुनखडीच्या आहेत, म्हणून याला लाइमस्टोन सिटी म्हणतात.

समोर तळ्याच्या काठावर कॉन्फेडरेशन पार्क. पाण्यात गोल बुरूज दिसतो तो शोल टॉवर, १८४० च्या दशकात अमेरिकेशी पुन्हा बिनसलं तेव्हाचा. पार्कातलं जुनं रेल्वे स्टेशन आता पर्यटकांचं माहिती केंद्र आहे आणि बाहेर १०९५ क्रमांकाचं वाफेचं इंजिन उभं आहे. ते १९१३ साली किंग्स्टनमध्येच, कॅनेडियन लोकोमोटिव्ह कंपनीच्या कारखान्यात बनलं. हा कारखाना इथेच तळ्याकाठी होता, १९६९ मध्ये बंद झाला. याच कंपनीने दुसऱ्या महायुद्धात भारतासाठी सीडब्ल्यूडी, म्हणजे 'कॅनेडियन वॉर डिझाइन', इंजिनं बनवली आणि स्वातंत्र्यानंतर डब्ल्यूपी जातीचीही. डब्ल्यूपी म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखं तोंड आणि त्यावर चांदणी असलेलं, मेल गाड्या ओढणारं इंजिन. १०९५ त्या जातीचं नाही, पण हे मी सांगितलं तेव्हा बाबा कठड्यापाशीच थांबले. त्यांचं लहानपण मनमाडला गेलं. शाळा चुकवून स्टेशनच्या पुलावर उभं राहून ते हीच चांदणी बघायचे. तीन आठवडे घरात जेमतेम बोललेला माणूस त्या इंजिनासमोर तासभर बोलत होता, आणि माझी मुलगी ऐकत होती. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिथून दहा मिनिटांवर फोर्ट फ्रॉन्टेनॅकचे अवशेष आहेत. फ्रेंचांनी हा किल्ला १६७३ मध्ये उभारला, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी. मुलांना सन लक्षात ठेवायला याहून सोपं काय! अवशेष मात्र थोडेच आहेत, रायगडाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. पलीकडच्या टेकडीवरचा फोर्ट हेन्री मोठा आहे, पण लांब आहे. गुडघे धड असतील आणि दिवस मोकळा असेल तरच. त्यापेक्षा जवळच्या धक्क्यावरून वुल्फ आयलंडची फेरी घ्या. फुकट आहे, वीसेक मिनिटांत पलीकडे. आई-बाबांना बसल्या जागी तळं आणि गाव दोन्ही दिसतं. फक्त चढण्यापूर्वी परतीच्या फेरीची वेळ विचारून घ्या.

मोठ्या मुलांना आणखी एक दाखवा. कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडॉनल्ड याच गावात वाढले. सिटी पार्कातला त्यांचा पुतळा २०२१ मध्ये हलवला, आदिवासी मुलांच्या निवासी शाळांमधल्या त्यांच्या वाट्यामुळे. मुलं हे शाळेत शिकतात, आजी-आजोबांना ठाऊक नसतं. तेव्हा समजावून सांगायचं काम मुलांवर सोपवा.

परतीला गाडीच्या तासभर आधी गावातून निघा. बस चुकली तर टॅक्सीला वेळ राहतो. उरलेले पराठे स्टेशनवर संपवा.