दोन गाण्यांमधला सांधा

हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आकार घेत होतं, त्याच सुमारास, १९९७ साली, विनॅम्प हे संगणकावर गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर आलं. त्याला जोडायच्या प्लगिनमुळे एक गाणं विरता विरता दुसरं वर येऊ लागलं. या क्रॉसफेडमागचं गणित देखणं आहे. दोन्ही आवाज सरळ रेषेत कमी-जास्त केले, तर मधोमध एकूण आवाज खचतो. म्हणून त्या क्षणी दोन्ही गाणी निम्म्यावर न आणता सुमारे ७१ टक्क्यांवर धरतात.

ताल जुळवणं पुढचं काम. २००१मध्ये सुरू झालेल्या ‘मिक्स’ या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये कालांतरानं गाण्यामागून गाणं आपोआप जोडणारा ऑटो डीजे आला. ताल जुळवायचा म्हणजे ठोके शोधायचे, मिनिटाला किती पडतात ते मोजायचं, पट्टी न हलवता गाणं ताणायचं किंवा आवळायचं. स्पॉटिफायनं २०१४मध्ये गाण्यांचं पृथक्करण करणारी एको नेस्ट कंपनी घेतली. २०२५मध्ये ॲपलचं तालावर गाणी जोडणारं ऑटोमिक्स फोनवर आलं.

मेट्रोनोमचा क्लिक लावून ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवर हे सगळं उत्तम चालतं. आपला बराच ठेवा तसा नाही. लावणीत ढोलकी रंगात आली की लय चढते. जुन्या चित्रपटगीतांत अख्खा वाद्यवृंद एकत्र वाजायचा, त्यामुळे लय किंचित हलत राहते. विलंबित एकतालात तर एक मात्रा चार-पाच सेकंदांचीही असते. ठोके शोधणारा प्रोग्रॅम तिथे ठेक्यातल्या भरावालाच मात्रा समजू शकतो. बार्सिलोनाहून झेवियर सेरा यांनी २०११मध्ये सुरू केलेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पानं अशा संगीतपरंपरांचा त्यांच्याच नियमांनी अभ्यास केला. आयआयटी मुंबईच्या प्रीती राव यांचा गटही त्यात होता. मला या साऱ्या प्रवासातलं हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. रोजच्या ॲपमध्ये मात्र त्याचा प्रत्यय अजून फारसा येत नाही.

असा सांधा माणसं सहज साधतात: ढोल-ताशा पथक एका हातावरून, म्हणजे वाजवण्याच्या एका साच्यावरून, दुसऱ्यावर जातं तेव्हा ताशावाला इशारा देतो, आणि सगळे ढोल एकदम वळतात. चैत्रात म्हातोबाचं बगाड जिथून वाकडला निघतं, त्याच हिंजवडीत कोड लिहिणारे हजारोंनी आहेत. पथकांत वाजवणारेही त्यांच्यात सापडतील. त्यांनी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ओळखणारा ऑटो डीजे लिहावा: आवर्तन पुरं होऊ देणारा, पहिलं गाणं समेवर सोडून दुसरं समेवरच धरणारा. ‘मिक्स’चा कोड खुलाच आहे.