झोपेचं घड्याळ लाळेत
अमेरिकेबरोबरचे कॉल संपले तरी दोनपर्यंत डोळा लागेना. आई म्हणाली, “दुधात जायफळ घे.” मला आकडे हवे होते.

मेलाटोनिन घरी मोजता येतं का? नमुने घरी घेता येतात, मोजणी प्रयोगशाळेतच. संध्याकाळपासून मंद उजेडात बसायचं, मोबाईल दूर, दर अर्ध्या तासाने लाळ नळीत घेऊन गोठवायची. एकाच नमुन्यावरून काही कळत नाही. (लॉगच्या एका ओळीवरून बग सापडतो का?) पातळी कधी चढू लागते, ते पाहायचं. सहसा नेहमीच्या झोपेआधी सुमारे दोन तास.

माझी बाराला चढली. म्हणजे शरीराचं घड्याळच मागे पडलेलं. डॉक्टरांनी गोळी न देता उठल्याबरोबर ऊन घ्यायला सांगितलं. सध्या काचीगुड्याच्या गच्चीवर चहा तिथेच होतो. काल एकला झोपलो.