एकाच तारेवरची गर्दी

रेल्वे आरक्षणाच्या दोन खिडक्यांपुढे दहा-दहा माणसे उभी आहेत. तुम्ही कोणत्या रांगेत उभे राहाल? "दोन्ही सारख्याच," हे उत्तर घाईचे ठरेल. एका रांगेत प्रत्येकाला एकच तिकीट हवे असेल आणि दुसरीत प्रत्येकाला सहा-सहा, तर? माणसे सारखी, पण काम सारखे नाही. दूरचित्रवाणीच्या केबलमधून इंटरनेट पुरवणाऱ्या अभियंत्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

केबलमधून एकाच वेळी अनेक वारंवारतांच्या लहरी जातात. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या प्रत्येक वाहिनीसाठी ६ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा ठरलेला आहे. १९९७ साली तेथे 'डॉक्सिस' हे मानक तयार झाले. त्यानुसार असे काही पट्टे चित्रांऐवजी संगणकीय माहितीसाठी वापरता येऊ लागले. ग्राहकाच्या घरी केबल मोडेम असतो, तर केबल कंपनीच्या केंद्रात सर्व मोडेमना आज्ञा देणारे नियंत्रक यंत्र असते.

एका पट्ट्यात किती माहिती मावते? लहरीचा आयाम आणि कला बदलून सेकंदाला सुमारे ५३ लाख ६० हजार संकेत पाठवता येतात. प्रत्येक संकेताची २५६ निरनिराळी रूपे होऊ शकतात. २ चा आठवा घात २५६. म्हणजे एका संकेतात ८ बिट मावतात. गुणाकार करा: सेकंदाला सुमारे ४ कोटी २९ लाख बिट. चुका दुरुस्त करण्यासाठी लागणारे व इतर जादा बिट वजा केले, की सुमारे ३ कोटी ८० लाख उरतात. तेवढे त्या वाहिनीवरील सर्व मोडेमनी वाटून घ्यायचे.

सुरुवातीच्या मोडेमना एका वेळी एकच वाहिनी ऐकता येई. नवा मोडेम वाहिनी शोधत जाई आणि पहिली योग्य वाहिनी सापडताच तेथेच ठाण मांडी. मग एका वाहिनीवर गर्दी आणि शेजारची मोकळी! नोंदणीच्या वेळीच मोडेम वाहिन्यांमध्ये समान वाटून देणे, हा पहिला उपाय. पण ही झाली डोकी मोजणे. संध्याकाळी एका वाहिनीवरील बरेच जण चित्रपट पाहू लागले आणि दुसरीवरील नुसती पत्रे वाचत बसले, तर? म्हणून वाहिनी किती भरली आहे हे मोजून चालू मोडेमही हलवावे लागतात.

येथे एक गंमत आहे. सेकंदाला १० लाख बिट म्हणजे एक एकक मानू. समजा, पहिल्या वाहिनीवर २६ एकक भार आहे आणि दुसरीवर २४. पहिलीवरचा २ एककांचा मोडेम दुसरीवर नेला. आता पहिलीवर २४, दुसरीवर २६! फरक तोच राहिला, फक्त बाजू बदलली. नियंत्रक उतावळा असेल तर बिचारा मोडेम झोक्यासारखा इकडून तिकडे फिरत राहील.

हे हलवणे फुकटचे नसते. मोडेमला नव्या वारंवारतेशी जुळवून घ्यावे लागते. कधी वेळेची व शक्तीची जुळणीही नव्याने करावी लागते. त्यात काही सेकंद जाऊ शकतात. एखादे पान उशिरा उघडले तर फारसे बिघडत नाही. पण त्याच मोडेमवरून कोणी अग्निशामक दलाला फोन करत असेल तर? म्हणून फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय मोडेम हलवायचा नाही, आणि फोन चालू असलेल्याला शक्यतो हात लावायचा नाही, असे नियम नियंत्रकाला घालून देता येतात.

२००६ साली आलेल्या डॉक्सिस ३.० मुळे एका मोडेमला अनेक वाहिन्या एकत्र वापरता येऊ लागल्या. त्यामुळे अडचण पुष्कळ कमी झाली. तरी कोणत्या मोडेमला कोणत्या वाहिन्यांचा गट द्यायचा, हा प्रश्न उरतोच.

आता वही घ्या. दोन वाहिन्यांवर ३१ आणि २१ एकक भार आहे. पहिलीवर १०, ७, ५ आणि २ एककांचे मोडेम आहेत. एकच हलवायचा तर कोणता? आणि कोणता हलवून काहीच साधणार नाही? दोन्ही उत्तरे मिळाली, की फरक आणि मोडेमचा भार यांचा नियम तुम्हीच एका ओळीत मांडून पाहा.