सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश

विकिपीडियावर नव्याने लिहिणाऱ्याने कसे लिहावे, हे मी आज सांगणार आहे. माझी एक चूक पण सांगणार आहे.

ज्ञानकोश म्हणजे सगळ्या विषयांची माहिती देणारा ग्रंथ. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी पूर्वी मराठीत २३ भागांचा ज्ञानकोश केला. तो विद्वान लोकांनी लिहिला. विकिपीडिया हा ज्ञानकोश मात्र संगणकावर आणि मोबाईलवर असतो. तो कुणीही वाचावा आणि कुणीही लिहावा. तो २००१ साली इंग्रजीत सुरू झाला आणि मराठीत १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. लिहिणाऱ्यांना पगार मिळत नाही. तरी लोक आवडीने लिहितात.

माझ्या आत्याची मुलगी कॉलेजात शिकते. सुट्टीत ती आमच्याकडे आली आणि आपल्या पेठ वडगावची माहिती लिहायला बसली. मी एका पुस्तकात वाचले होते की, १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडले आणि वडगावचा तह झाला. मी म्हटले, "ताई, त्यो तह आपल्याच गावात झालाय. लिही की!" ताईने लिहिले. मी वर्गात सगळ्यांना ऐटीत सांगितले.

दुसऱ्या दिवशी बघतो तर वाक्य गायब! मला रडूच आले. ताई रागाने म्हणाली, "आता मी काय लिवत न्हाई बघ." पण तिच्या चर्चा पानावर एका जुन्या संपादकांचा निरोप आला होता. त्यांनी आधी तिचे स्वागत केले होते. मग लिहिले होते की, तो तह पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यातल्या वडगावला झाला. पेठ वडगाव हातकणंगले तालुक्यात आहे. वाक्याला संदर्भ नव्हता म्हणून काढले, पण तुम्ही लिहीत राहा.

गुरुजींनी इतिहासाचे पुस्तक काढून दाखवले. खरेच, १६ जानेवारी १७७९ चा तो तह पुण्याकडचाच. नाव एक, गावे दोन!

त्यावरून आम्ही शिकलो ते असे :

१. आधी धूळपाटीवर सराव करावा. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवत. विकिपीडियावरही सरावाच्या पानाला धूळपाटीच म्हणतात. तिथे चुकले तरी चालते.

२. लिहू त्याला पुस्तकाचा किंवा वर्तमानपत्राचा आधार द्यावा. आज्जी म्हणाली, "म्या सांगितल्यालं खोटं व्हय रं?" खोटे नव्हे. पण नागपूरचा वाचक आज्जीला विचारायला कसा येणार? पुस्तक तो उघडून बघू शकतो.

३. पुस्तकातले जसेच्या तसे उतरवू नये. समजून घेऊन आपल्या शब्दांत लिहावे.

४. आपलीच स्तुती करू नये. "आमचे गाव सर्वांत सुंदर" असे लिही, असे मी सांगितले होते. ताईने लिहिले नाही.

५. कुणी खोडले तर भांडू नये. प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कुणी, केव्हा, काय बदलले ते त्यात दिसते. आधी ते बघावे, मग चर्चा पानावर नम्रपणे विचारावे. खाली चार नागमोडी रेघा दिल्या की आपले नाव आणि वेळ आपोआप उमटते. सगळ्यांना विचारायचे असेल तर तिथे चावडी आहे. आपल्या गावात चावडीवर माणसे बसतात तशीच.

६. जुन्यांनी नव्यांना हाकलू नये. पहिलीच्या मुलाचे अक्षर वाकडे आले तर गुरुजी त्याला घरी पाठवत नाहीत. हात धरून गिरवून घेतात. त्या संपादकांनी नुसतेच खोडले असते, तर ताईने परत लिहिलेच नसते.

आता ताई रोज थोडे थोडे लिहिते. थेंबे थेंबे तळे साचे.

आणि मित्रांनो, वडगावचा तह आपल्या गावात झाला नाही. मी सांगितलेले चुकीचे होते. तुम्ही घरी सांगितले असेल, तर आज दुरुस्त करून सांगा.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी